मोकळ्या यंत्राचा हिशेब

सरकारी आस्थापनेचा तक्ता ज्यांनी कधी बारकाईने पाहिला असेल, त्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली असेल. एखाद्या सेवेत शंभर कामे असली म्हणजे तेथे नेमकी शंभर माणसे नेमून कोणी स्वस्थ बसत नाही. भारतीय प्रशासन सेवेच्या संवर्गाचे संख्याबळ ठरविताना वरिष्ठ कर्तव्यपदांच्या संख्येवर प्रशिक्षणासाठी साडेतीन टक्के, तर रजा आणि कनिष्ठ पदे या दोहोंसाठी मिळून साडेसोळा टक्के इतकी राखीव धरण्याची तरतूद आहे. प्रतिनियुक्तीची राखीव आणखी वेगळी. कोणी आजारी पडेल, कोणी शिकावयास जाईल, कोणी लेकीच्या लग्नासाठी महिनाभर रजा घेईल, हे सारे आधीच गृहीत धरलेले असते. कोण आजारी पडणार हे कोणालाच ठाऊक नसते. कोणीतरी पडणार, एवढे मात्र निश्चित असते. माणसांच्या बाबतीतले हे शहाणपण इतके जुने आहे की त्याविषयी कोणी वाद घालीत नाही.

यंत्रांच्या बाबतीत मात्र हेच शहाणपण पुनःपुन्हा विसरले जाते. संगणकांच्या दालनात दहा यंत्रे आहेत आणि त्यांपैकी एकावर काहीच काम चालत नाही, असे दिसताच लेखापरीक्षक विचारतात की हे यंत्र घेतलेच कशाला? प्रश्न गैर नाही. सार्वजनिक पैशाचा हिशेब मागणाऱ्याने तो विचारलाच पाहिजे. परंतु त्याचे उत्तर देता यावयाचे तर ते यंत्र मोकळे का आहे आणि नेमके किती मोकळे असावे, याचे गणित कोणीतरी मांडलेले असावयास हवे. पुष्कळ ठिकाणी ते मांडलेले नसते.

हे गणित समजण्यासाठी आभासी यंत्र म्हणजे काय हे प्रथम पाहावे लागेल. १९६४ च्या सुमारास अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज या गावी आयबीएम कंपनीच्या केंद्रात रॉबर्ट क्रीसी आणि त्यांचे सहकारी एका अडचणीतून वाट काढीत होते. संगणक एकच, खोलीभर पसरलेला आणि अतिशय महाग. वापरू इच्छिणारे मात्र अनेक. त्यांनी काढलेली तोड मोठी चतुर होती. संगणकाचा वेळ आणि त्याची स्मृती यांची वाटणी अशा बेमालूम रीतीने करावयाची, की प्रत्येकाला एक संपूर्ण यंत्र आपल्या एकट्याच्याच स्वाधीन आहे असे वाटावे. यातूनच सीपी-४० ही प्रणाली आणि तिच्या पाठोपाठ सीपी-६७ ही प्रणाली निर्माण झाली. १९७२ साली व्हीएम/३७० या नावाने ती कल्पना बाजारात स्थिर झाली. यंत्रावर देखरेख करणाऱ्या मूळ आज्ञावलीला त्या काळी पर्यवेक्षक म्हणत. अशा अनेक पर्यवेक्षकांवर देखरेख करणारी ती हायपरव्हायझर, म्हणजे पर्यवेक्षकांचाही पर्यवेक्षक. सरकारी कचेऱ्यांत वावरलेल्यांना ही कल्पना अधिक फोड करून सांगण्याची आवश्यकता नाही.

पुढे संगणक स्वस्त झाले आणि ही युक्ती काही काळ मागे पडली. प्रत्येक कामाला एक स्वतंत्र सर्व्हर घ्यावयाचा, अशी रीत रूढ झाली. पगारपत्रकाला एक, टपालाला एक, जमिनीच्या नोंदींना एक. हे सर्व्हर दिवसाचा बहुतेक काळ रिकामेच धापा टाकीत असत. वीज खात, जागा अडवीत आणि उष्णता ओकीत. १९९८ साली अमेरिकेत स्थापन झालेल्या व्हीएमवेअर या कंपनीने २००१ मध्ये या लहान सर्व्हरांसाठी आभासी यंत्रांची प्रणाली आणली. २००३ साली इंग्लंडातील केंब्रिज विद्यापीठातून झेन, तर २००७ साली लिनक्सच्या गाभ्यातच केव्हीएम, अशा मुक्त प्रणालीही आल्या. तीस सर्व्हरांचे काम तीन सर्व्हरांवर भागू लागले. काटकसर खरोखरच मोठी होती आणि तिचे कौतुकही यथायोग्य झाले.

परंतु या काटकसरीच्या पोटात एक धोका दडलेला होता. स्वतंत्र बैठ्या घराला आग लागली तर एक कुटुंब उघड्यावर पडते. चाळ कोसळली तर तीस बिऱ्हाडे एकाच रात्री रस्त्यावर येतात. पूर्वी एक सर्व्हर बंद पडला तर एक काम थांबत असे. आता एक यजमान यंत्र बंद पडले की त्यावरची पंचवीस-तीस कामे त्याच क्षणी थांबतात. जी युक्ती पैसा वाचविते तीच आपत्तीचा आकार वाढविते. म्हणून वाचलेल्या पैशातला काही भाग राखीव सामर्थ्यासाठी बाजूला ठेवणे हा चैनीचा प्रकार नव्हे. तो त्या व्यवहाराचाच एक हिस्सा आहे. चाळीतील बिऱ्हाडे ताबडतोब हलविता येतील अशा काही खोल्या शेजारच्या चाळींत रिकाम्या ठेवावयाच्या, इतकाच त्याचा अर्थ.

ज्या संस्थेने स्वतःच्या यंत्रांचा असा समूह उभारला आणि त्यातून आपल्या खात्यांना मागणीप्रमाणे आभासी यंत्रे देण्याची सोय केली, तिच्यापाशी खाजगी क्लाउड आहे असे म्हणतात. बँका, विमा कंपन्या, विद्यापीठे यांच्यापाशी असे क्लाउड आहेत. भारत सरकारनेही १९७६ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या आश्रयाने २०१४ मध्ये मेघराज या सूचक नावाचा राष्ट्रीय क्लाउड सुरू केला. भाड्याच्या क्लाउडात मोकळी यंत्रे बाळगण्याची चिंता पुष्कळशी मालकाची असते. भाडेकरू त्याचे मोल भाड्यातून मुकाट्याने भरीत असतो. स्वतःच्या क्लाउडात ती चिंता स्वतःच वाहावी लागते, आणि तीही अंदाजपत्रकाच्या चौकटीत.

आता हिशेबाकडे वळू. समजा, चार यजमान यंत्रे आहेत आणि प्रत्येकात ५१२ गिगाबाइट स्मृती आहे. एकूण २,०४८. एक यंत्र गेले तर उरतात १,५३६. म्हणजे चारही यंत्रे चालू असताना पंचाहत्तर टक्क्यांपलीकडे ती भरता कामा नयेत. ऐंशी टक्के भरली, तर १,६३८ गिगाबाइटांची बिऱ्हाडे १,५३६ च्या जागेत बसवावी लागतील आणि सुमारे १०२ गिगाबाइटांची बिऱ्हाडे बाहेर राहतील. समूह दहा यंत्रांचा असेल तर एकाच्या तोट्यासाठी दहाच टक्के राखून भागते. मोठ्या समूहाला राखीव प्रमाणाने कमी लागते, हा एकत्र राहण्याचा फायदा. परंतु एक यंत्र दुरुस्तीसाठी उघडले असतानाच दुसरे बिघडू शकते, हे ज्यांनी अनुभवले आहे ते दहांपैकी दोन यंत्रांइतकी जागा राखतात.

येथपर्यंतचे गणित शाळकरी आहे. खरी गंमत पुढे आहे. वरील चार यंत्रांच्या समूहात जागा अपुरी पडू लागली म्हणून संस्थेने पाचवे यंत्र घेतले आणि बाजारात आता मोठीच यंत्रे मिळतात म्हणून ते १,०२४ गिगाबाइटांचे घेतले. कागदावर सामर्थ्य १,०२४ ने वाढले. परंतु राखीव जागा ही नेहमी सर्वांत मोठ्या यंत्राइतकी असावी लागते, कारण नेमके तेच जाणार नाही अशी हमी कोणीही देत नाही. ते गेले तर मागे उरतात जुनी चार, म्हणजे २,०४८. पूर्वी निर्धास्तपणे वापरण्याजोगी जागा १,५३६ होती. आता ती २,०४८ झाली. विकत घेतले १,०२४ आणि पदरात पडले ५१२! उरलेली निम्मी जागा त्या यंत्राने स्वतःच्याच मरणाच्या तरतुदीसाठी खाल्ली. तेवढ्याच स्मृतीची ५१२ ची दोन यंत्रे घेतली असती तर निर्धास्त जागा २,५६० झाली असती. निविदा काढताना एका मोठ्या यंत्राचा दर स्वस्त दिसतो. पण हा आकडा निविदेत कोठेच नसतो.

दुसरी एक फसगत बेरजेची. तीन यंत्रांवर प्रत्येकी ४० गिगाबाइट मोकळे आहेत; बेरीज १२०. परंतु ९६ गिगाबाइट मागणारे एखादे आभासी यंत्र उभे करावयाचे झाले तर ते तिन्हींपैकी एकातही मावत नाही. आगगाडीच्या तीन डब्यांत दोन-दोन जागा रिकाम्या असाव्यात आणि पाच जणांच्या कुटुंबाला एकत्र बसता येऊ नये, तसाच हा प्रकार. इतर प्रवाशांना सरकवून जागा करता येते. चालू आभासी यंत्र न थांबविता एका यजमानावरून दुसऱ्यावर हलविण्याची विद्या २००३ पासून उपलब्ध आहे. मात्र ती सरकवासरकव शांततेच्या वेळी करून ठेवावी लागते. आयत्या वेळी फलाटावर गर्दी असते.

संगणकाचा प्रोसेसर आणि त्याची स्मृती यांच्या स्वभावातील भेदही येथे जाणला पाहिजे. प्रोसेसर हा न्हाव्यासारखा आहे. गिऱ्हाइके वाढली तर रांग लागते, वेळ लागतो, कुरकुर होते. पण प्रत्येकाचा नंबर केव्हातरी येतो. स्मृती ही जमिनीसारखी आहे. ती एकाने व्यापली की दुसऱ्याला नाही. म्हणून प्रोसेसरच्या बाबतीत असलेल्यापेक्षा तिप्पट-चौपट वचने देऊनही बहुधा निभावते. स्मृतीच्या बाबतीत असे करावयाचे तर विशेष कौशल्य लागते. कार्ल वाल्डस्पर्गर यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात अशा कौशल्यांचे वर्णन आहे. प्रत्येक आभासी यंत्राच्या पोटात एक फुगा ठेवावयाचा. टंचाई आली की तो फुगवावयाचा, म्हणजे ते यंत्र आपली बिनकामाची पाने आपण होऊन सोडून देते. सर्व ठेवीदार एकाच दिवशी पैसे मागावयास येणार नाहीत या विश्वासावर बँक चालते, त्याच विश्वासावर हा व्यवहार चालतो. बँकेच्या दारात ज्या दिवशी रांग लागते तो दिवस मात्र कसोटीचा, आणि यंत्र बंद पडल्याचा दिवस हा नेमका तसाच दिवस असतो.

या अतिरिक्त वचनांना खातीही जबाबदार असतात. आभासी यंत्राला स्वतंत्र किंमत मोजावी लागत नाही अशी समजूत एकदा झाली की मागणीपत्रांतील आकडे फुगू लागतात. ज्याला दोन प्रोसेसर पुरतात तो सोळा मागतो. न जाणो, उद्या लागतील! हे निव्वळ उधळेपणाचे नसते. आज मागितले नाही तर उद्या मिळणार नाही, हे भय त्यामागे असते, आणि ते कित्येकदा अनुभवावर आधारलेले असते. परंतु सोळा प्रोसेसरांच्या आभासी यंत्राला एकाच वेळी अनेक खरे प्रोसेसर मोकळे मिळावे लागतात, आणि ते मिळेपर्यंत ते ताटकळते. अधिक मागून काम मंदावते, हे मागणाऱ्याला पटविणे व्यवस्थापकाच्या कामातील सर्वांत अवघड भाग आहे. काम संपून गेलेली, मालक बदलून गेलेली आणि तरीही वर्षानुवर्षे चालू असलेली आभासी यंत्रे हा आणखी एक वर्ग. त्यांना विचारणारा कोणी नसतो आणि बंद करण्याचे धाडसही कोणी करीत नाही.

राखीव जागेवर पहारा ठेवण्यासाठी प्रणालीत एक द्वारपाल असतो. नवे आभासी यंत्र चालू करावयाचे झाले तर तो हिशेब पाहतो आणि राखीव जागेवर अतिक्रमण होत असेल तर परवानगी नाकारतो. येथे एक खाचखळगा आहे, आणि त्यात भलेभले पडले आहेत. व्हीएमवेअरच्या प्रणालीतला द्वारपाल आभासी यंत्राला प्रत्यक्ष किती स्मृती लागते हे मोजीत नाही. त्याच्या नावे हक्काने किती राखून ठेवली आहे, तेवढेच मोजतो. कोणाच्याच नावे काही राखलेले नसेल, तर त्याच्या वहीत खर्च जवळजवळ शून्य पडतो आणि समूह गच्च भरला असतानाही तो प्रत्येकाला आत सोडीत राहतो. यंत्र बंद पडले तर सारी बिऱ्हाडे दुसरीकडे उभी राहतील हे त्याचे आश्वासन खोटे नसते. ती तेथे श्वास घेऊ शकतील की नाही, याचे आश्वासन त्याने कधी दिलेलेच नसते! उलट, एखाद्या खात्याने आग्रह धरून आपल्या एका यंत्रासाठी भरमसाट जागा राखून घेतली आणि द्वारपाल सर्वांना त्याच मापाने मोजू लागला, तर मोकळ्या जागेतही प्रवेश बंद होतो. पहिल्या प्रकारात वही समाधानी आणि रयत उपाशी. दुसऱ्यात कोठार भरलेले आणि कुलूप लावलेले.

यंत्र खरोखर बंद पडले आहे, हे तरी कसे ओळखावे? समूहातील यंत्रे दर क्षणाला एकमेकांना आपण जिवंत असल्याची खूण पाठवीत असतात. खूण येईनाशी झाली म्हणजे यंत्र गेले असे समजतात. परंतु यंत्र जिवंत असून त्याची केवळ तारच तुटलेली असणे शक्य आहे. अशा वेळी त्याच्यावरची कामे दुसरीकडे सुरू केली, तर एकच काम दोन ठिकाणी चालू लागेल आणि एकाच खात्यावर दोन हात लिहू लागतील. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. म्हणून ज्याच्या बाजूला बहुमत त्यानेच काम चालू ठेवावे असा नियम केलेला असतो, आणि बहुमतात बरोबरी होऊ नये म्हणून मतदारांची संख्या विषम ठेवतात. कित्येक प्रणाली याहून कठोर आहेत. संशयित यंत्राची वीज तोडून ते मेल्याची खात्री झाल्याखेरीज त्या वारसाला गादीवर बसवीतच नाहीत.

वारस गादीवर बसला तरी दरबार लगेच भरत नाही. आभासी यंत्र दुसरीकडे उभे राहते ते पहिल्यापासून, झोपेतून उठल्यासारखे. त्याला काही मिनिटे लागतात, आणि तीस यंत्रे एकदम उठू लागली तर सगळीच रेंगाळतात. क्रमही सांभाळावा लागतो. नावांवरून पत्ते सांगणारी सेवा आधी, मग माहितीचे कोठार, मग त्या माहितीवर काम करणारी आज्ञावली आणि सर्वांत शेवटी लोकांना दिसणारी खिडकी. खिडकी आधी उघडली आणि आत कारकूनच आलेला नसला तर काय होते, हे सांगावयास नको. आणखी एक दक्षता अशी की एखाद्या सेवेच्या दोन प्रती मुद्दाम ठेवल्या असतील, तर त्या एकाच यजमानावर येऊ देऊ नयेत. प्रणाली आपल्या सोयीने यंत्रे हलवीत असते. तसे बजावून ठेवले नाही, तर ती एके दिवशी दोघा भावांना एकाच होडीत बसविते.

हे सर्व उत्तम रीतीने केले तरी ते एका दालनापुरते असते. दक्षिण कोरियातील देजॉन शहरात तेथील सरकारच्या राष्ट्रीय माहितीसाधन सेवेचे केंद्र आहे. २६ सप्टेंबर २०२५ रोजी रात्री तेथे पाचव्या मजल्यावरील लिथियम बॅटऱ्या हलविण्याचे काम चालू असताना आग लागली. या बॅटऱ्या वीज गेली तर यंत्रे चालू राहावीत म्हणून ठेवलेल्या होत्या. राखीव सामर्थ्याच्याच पोटातून आग निघाली. ती पूर्ण विझण्यास सुमारे बावीस तास लागले. सरकारच्या ६४७ प्रणाली बंद पडल्या, असे प्रथम जाहीर झाले. पुढे मोजदाद वाढून ती संख्या ७०९ झाली. प्रत्यक्ष जळालेल्या प्रणाली शंभराहूनही कमी. बाकीच्या उष्णतेमुळे बंद कराव्या लागल्या. टपाल थांबले, ओळखपत्रे थांबली, आणि तेही चुसोक या त्यांच्या मोठ्या सणाच्या तोंडावर.

त्यातली एक गोष्ट सरकारी माणसाच्या काळजाला घरे पाडणारी आहे. जी-ड्राइव्ह नावाचे एक सामाईक कोठार तेथे होते. सरकारी कर्मचाऱ्यांनी आपली कामाची कागदपत्रे टेबलावरील संगणकात न ठेवता या कोठारात ठेवावीत, असे धोरण होते. सुमारे सव्वा लाख कर्मचारी ते वापरीत. त्यात ८५८ टेराबाइट माहिती होती आणि तिची दुसरी प्रत बाहेर कोठेही नव्हती. प्रत का नव्हती याचे अधिकृत कारण असे देण्यात आले की ते कोठार फार मोठे होते. ते सारे जळाले. अन्य प्रणाली एकामागून एक उभ्या राहिल्या, त्यांना उभे राहण्यासाठी नवी जागा देता आली. या कोठाराला जागा देऊन उपयोग नव्हता, कारण तेथे नेऊन ठेवावयास काहीच उरले नव्हते. मोकळे यंत्र कामाला पुन्हा उभे करते, गेलेली माहिती परत आणीत नाही. या दोन तरतुदी वेगळ्या आहेत. त्यांना एकाच शीर्षाखाली खर्ची टाकण्याची सवय पुष्कळ कार्यालयांना आहे, आणि मग एकीचा पैसा दुसरी खाते.

राखीव सामर्थ्य पुरेसे आहे की नाही याची परीक्षा पाहण्याचा मार्ग एकच, आणि तो कोणालाच आवडत नाही. रविवारी पहाटे, सर्वांना पूर्वसूचना देऊन, एक यजमान यंत्र मुद्दाम बंद करावयाचे आणि घड्याळ हाती घेऊन पाहात बसावयाचे. पहिल्या खेपेस बहुधा लाज वाटण्याजोग्या गोष्टी उजेडात येतात. कोणाचा तरी परवलीचा शब्द त्याच बंद केलेल्या यंत्रावर ठेवलेला असतो. एखादे आभासी यंत्र केवळ एकाच यजमानाला जोडलेल्या साठ्यावर अवलंबून असते. क्रमाची यादी दोन वर्षांपूर्वीची असते आणि तीत आता अस्तित्वात नसलेल्या सेवांची नावे असतात. दुसऱ्या खेपेस यातले निम्मे दोष राहतात. तिसऱ्या खेपेपर्यंत अधिकारी बदललेला असतो आणि नवा अधिकारी विचारतो, चालू यंत्र मुद्दाम का बंद करावयाचे?

अशा वेळी उपयोगी पडतो तो मागील दोन खेपांचा कागद. किती वाजता यंत्र बंद केले, किती वाजता पहिली सेवा उठली, किती वाजता शेवटची, कोणती उठलीच नाही, आणि उरलेल्या यंत्रांवर त्या वेळी भार किती टक्के होता, एवढे पाच आकडे त्यावर असले की पुरे. लेखापरीक्षकाच्या प्रश्नालाही तोच कागद लावता येतो. शेवटच्या रकान्यातला भार जर ९४ टक्के असेल, तर रिकाम्या यंत्राविषयीचा आक्षेप तेथेच मिटतो, आणि पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकात आणखी एका यंत्राची मागणी नोंदविण्याचे काम तेवढे बाकी राहते.